मुका पट्टा

दर खंडेनवमीला माझ्यापुढे एक पेच पडतो. घरातली सगळी हत्यारे-अवजारे त्या दिवशी पाटावर मांडली जातात. विळी, अडकित्ता, आईच्या शिवणयंत्राची कात्री, माझे कुंचले, जिने मी चार कादंबऱ्या लिहिल्या (आणि त्यांतल्या दोन लोकांनी वाचल्या) ती लेखणी, आणि शेवटी, पाहुण्यांना हमखास प्रश्न पाडणारा, खिळ्यासारखा एक वाकडा पोलादी तुकडा. असा सगळा संसार हळदीकुंकवाने माखून निघतो. मग सौ. तबक घेऊन अंगणात येते आणि दाराशी उभ्या असलेल्या आमच्या मोटारीची पाळी येते. झेंडूची माळ बॉनेटवर, स्वस्तिक काचेखाली, लिंबू चाकाखाली. सगळे यथासांग होते आणि तरी मी तिथेच घुटमळत राहतो. कारण ज्या वस्तूला खरोखर नमस्कार करायला हवा ती मला दिसतच नाही. इंजिनाच्या एका अंगाला, काळ्या झाकणाआड ती वर्षानुवर्षे मुकाट्याने फिरत असते. तिला ना कुंकू लागते, ना फूल.

ती वस्तू म्हणजे एक रबरी पट्टा.

वाचकहो, चकलीचा तुकडा मोडता मोडता तुम्ही हा अंक उघडला असेल, आणि हा मास्तर सणासुदीला मोटारीचा पट्टा कुठून घेऊन बसला, असे तुमच्या मनात येईल. तुमचे चुकत नाही. यंत्रशास्त्राशी माझा संबंध बेताचाच. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यावर चित्रकलेची पदविका घेऊन मी जालन्याजवळच्या एका शाळेत मुलांना फुलदाणी आणि केळ्यांचा घड काढायला शिकवतो. पण या पट्ट्याने मला एका भाऊबीजेला असा धडा दिला की तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझ्या लहानपणी पट्टा ही झाकून ठेवायची वस्तू नव्हती. आमच्या विहिरीवर डिझेलचे इंजिन होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली आणि १९४६ साली पुण्यात किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला, हे मी पुढे पुस्तकात वाचले. लहानपणी मला एवढेच ठाऊक होते की अण्णा वरची खिट्टी उचलून हँडल मारीत, चाकाला वेग आला की खिट्टी सोडीत, आणि मग सारे शिवार पुक्‌पुक् करू लागे. इंजिनाच्या जड चाकावरून पंपापर्यंत हातभर रुंद वाटावा असा कॅनव्हासचा पट्टा सळसळत जाई. तो घसरू लागला की अण्णा त्यावर राळ टाकीत. तुटला तर तिथेच बसून जोडीत. जोडाची गाठ चाकावरून गेली की दर फेऱ्याला टप् असा आवाज होई. अण्णा घरी जेवायला बसलेले असत, आणि मैलभरावरून येणारा तो टप्‌टप् जरा बदलला की त्यांचा घास हातातच थांबे. “पट्टा सैल पडला,” असे म्हणून ते उठत. डॉक्टरला नाडी कळावी तसे त्यांना इंजिन कळे. आणि इंजिनही इतके बोलके की दुखणे यायच्या आधी आठवडाभर ते कण्हत असे.

मोटारीच्या इंजिनातला पट्टा त्याच कुळातला खरा, पण त्याचे काम फार नाजूक आहे. आमच्या मिस्त्रीने ते मला एकदा पाटीवर काढून दाखवले. मी चित्रकलेचा शिक्षक असूनही त्याची आकृती माझ्याहून सरस होती. इंजिनात पिस्टन वरखाली होतो. चार खेपांत त्याचे एक आवर्तन पुरे होते: हवा आत घ्यायची, ती दाबायची, तेल पेटून बसणाऱ्या धक्क्याने खाली जायचे, आणि धूर बाहेर ढकलायचा. या चार खेपांत खालचा क्रँक दोन फेरे घेतो. हवेला आत घेणारे आणि धुराला बाहेर सोडणारे जे दरवाजे, म्हणजे व्हॉल्व्ह, त्यांना उघडणारा वरचा दांडा तेवढ्या वेळात एकच फेरा घेतो. खालच्याचे दोन, वरच्याचा एक. यात केसाचाही फरक चालत नाही. या दोघांना जोडून ठेवणारा जो दुवा तो म्हणजे हा पट्टा. त्याला आतून दात असतात आणि ते चाकांच्या दातांत बसतात. अण्णांचा पट्टा घसरला तर फार तर पाणी कमी येई. हा पट्टा दोनचार दात घसरला तरी अनर्थ होतो.

तो कसा, तेही सांगतो. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा जुन्या इंजिनांत वीस-बावीस पट दाबली जाई आणि त्या दाबानेच ती इतकी तापे की तेलाचा फवारा पडताक्षणी पेट घेई. म्हणजे पिस्टन वर आला की त्याच्या माथ्यावर जागा उरते ती नखाएवढी. त्या चिमुकल्या जागेत व्हॉल्व्हने डोकवायचे आणि पिस्टन यायच्या आत मागे सरायचे. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्हला सेकंदाला पंचवीस वेळा ही ये-जा करावी लागते. दोघांची कधी गाठ पडत नाही. पट्टा त्यांची वेळ सांभाळतो म्हणून. तो तुटला की व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि खालून पिस्टन येऊन त्याच्यावर आदळतो.

असा दातेरी पट्टा मोटारीसाठी जन्मलाच नव्हता, हे समजले तेव्हा मला मोठी गंमत वाटली. तो जन्मला शिवणयंत्रासाठी. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या गिल्मर कंपनीने तो तयार केला तो सिंगरच्या यंत्राकरता. वरची सुई आणि खालची बॉबिन यांची वेळ तंतोतंत जुळावी, एवढाच त्याचा हेतू. मी हे आईला सांगितले तेव्हा तिला मुळीच नवल वाटले नाही. “मग दुसरं काय?” ती म्हणाली. “सुई खाली आली आणि शटल वेळेवर गेलं नाही, तर टाका सुटायचाच.” तिने आयुष्यभर साऱ्या गल्लीची दिवाळीची झबली आणि परकर शिवले आहेत. मोटारीच्या इंजिनाचे मर्म तिला माझ्या आधी कळले होते.

मोटारीत हा पट्टा आणला तो बव्हेरियातल्या ग्लास नावाच्या कंपनीने, १९६२ साली. ती मूळची शेतीची यंत्रे करणारी. पुढे १९७६ साली फोक्सवागेनची डिझेल गोल्फ आली आणि पट्टा डिझेलच्याही घरात शिरला. पूर्वी हे काम साखळी किंवा दातेरी चाके करीत. पट्टा त्यांच्याहून हलका, स्वस्त आणि आवाज न करणारा. त्याच्या पोटात काचेच्या तंतूंचे दोर असतात, वर रबर, आणि दातांना नायलॉनच्या कापडाचे अस्तर. आपल्या मुलखातही तो फार लांबून आला नाही. ३० डिसेंबर १९९८ रोजी पुण्याच्या टाटांची इंडिका बाजारात आली. तिच्या डिझेल इंजिनात पट्टा होता. २००१ साली जालना रस्त्यावरच्या शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना उभा राहिला. तिथे जोडल्या जाणाऱ्या डिझेल ऑक्टेव्हियात पट्टा होता. २००७ साली नाशिकहून निघालेल्या डिझेल लोगनमध्ये तोच. उलट त्याच वर्षी स्विफ्टमध्ये आलेल्या आणि पुढे रांजणगावच्या कारखान्यातही तयार होऊ लागलेल्या फियाटच्या १.३ लिटरच्या इंजिनात साखळी होती. ते इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसले की त्याला कौतुकाने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणत.

माझी गाडी यांतली की आणखी कुठली, ते मी सांगणार नाही. कारण जे घडले त्यात दोष गाडीचा नव्हता. दोष गाडीच्या मालकाचा होता.

गाडी मी जुनी घेतलेली. तिच्याबरोबर एक जाडजूड पुस्तिका मिळाली होती. चार कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाने ती चाळूनही पाहू नये यात काही विशेष नाही. लेखक लोक दुसऱ्याचे लिखाण सहसा वाचत नाहीत. अंबड चौफुलीजवळ आमच्या मिस्त्रीचे गॅरेज आहे. मिस्त्रीने साठी ओलांडली आहे. मॅटॅडोर आणि जीपगाड्यांवर त्याचा हात बसलेला. लांब पेचकसाचे टोक चालत्या इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्याची तपासणी. त्या वर्षी दसऱ्याच्या आधी गाडी त्याच्याकडे नेली तेव्हा त्याने डोळे मिटले नाहीत. त्याने काट्याकडे पाहिले.

“सर, ब्याऐंशी हजार झाले. टायमिंगचा पट्टा कधी बदललाय?”

“मी तर नाही बदलला. आधीच्या मालकाचं माहीत नाही. पण आवाज तर काहीच नाही.”

“आवाजावर जाऊ नका, सर. साखळी बोलते. पट्टा बोलत नसतो.”

पट्टा, त्याला ताणून धरणारे चाक, पाण्याचा पंप आणि मजुरी मिळून त्याने बारा हजार सांगितले. नेमकी तेवढीच रक्कम माझ्यापाशी होती आणि तिच्यावर दुसऱ्याचा हक्क लागला होता. माझी चौथी कादंबरी छापायला गेली होती आणि प्रकाशकाने निम्मा खर्च माझ्या माथी मारला होता. मुखपृष्ठ मी स्वतः रंगवले होते. ते एका रंगात छापावे की चार रंगांत, एवढाच प्रश्न उरला होता. मी मिस्त्रीला म्हणालो, “दिवाळी झाल्यावर बघू.” तो म्हणाला, “तुमची मर्जी, सर.” मुखपृष्ठ चार रंगांत छापले गेले. फार सुरेख झाले. त्या पाचशे प्रतींपैकी तीनशे अजून माझ्या पलंगाखाली आहेत, त्यामुळे ते मला वरचेवर पाहायला मिळते.

भाऊबीजेला आईला तिच्या भावाकडे न्यायचे होते. मामांचे गाव अंबडच्या पुढे. ते काही महिन्यांपासून अंथरुणाला खिळलेले होते. त्या आठवड्यात आईने मला दोनदा विचारले, “गाडी बरी आहे ना रे?” आणि मी दोन्ही वेळा सांगितले, “एकदम बरी आहे. आवाजसुद्धा नाही.” दुपारी चार-साडेचारला आम्ही निघालो. तिच्या मांडीवर पिशवी होती. पिशवीत करंज्या, अनारसे, नवी टोपी, आणि मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेले तबक नि निरांजन. कपाशी फुटून रस्त्याकडेची राने पांढरी झाली होती. आई खुशीत होती. लहानपणी भावाने तिला मोसंबीच्या झाडावर कसे चढवले आणि खाली उतरवायला कसा विसरला, ती गोष्ट ती मला शंभराव्यांदा सांगत होती.

गोष्ट अर्ध्यावर असतानाच गाडी गप्प झाली. मोठा आवाज झाला नाही, धूर निघाला नाही. वीज गेल्यावर पंखा फिरत राहावा तशी ती थोडी अंतर कापत गेली, सुकाणू जड झाले, आणि ती कडेला येऊन थांबली. अंबड सातआठ किलोमीटरवर होते. मी किल्ली फिरवली. इंजिन फिरले, पण अगदी हलके, पोकळ; जणू आत कुणी नव्हतेच. मिस्त्रीला फोन केला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “आता पुन्हा किल्ली लावू नका, सर. मी टेम्पो घेऊन येतो.” सणाचा दिवस, टेम्पो मिळून यायला त्याला तीन तास लागणार होते. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या भाऊबहिणींनी भरलेल्या होत्या. दोन गाड्या थांबल्या, पण गुडघे धरलेल्या म्हातारीला बसवायला जागा कुणापाशीच नव्हती.

सूर्य मावळला. मावळतीला नखासारखी कोर दिसू लागली. आई इतका वेळ गप्प बसली होती. मग ती खाली उतरली, पिशवी घेऊन गाडीच्या पुढे आली आणि म्हणाली, “बॉनेट उघडं राहू दे. वारा अडतो त्याच्यानं.” त्या उघड्या बॉनेटच्या आडोशाला तिने निरांजन लावले, तबकात सुपारी आणि अक्षता ठेवल्या, आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून चंद्राला ओवाळले. भाऊ जवळ नसला की बायका असे ओवाळतात, हे मला ठाऊक होते. पाहिले मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच. मी मान खाली घालून इंजिनाकडे पाहत राहिलो. ते काळे झाकण तिथेच होते, जसेच्या तसे.

“काही नाही रे,” आई म्हणाली. “उद्या जाऊ.”

दुसऱ्या दिवशी आम्ही एस्‌टीने अंबडला आणि तिथून काळ्यापिवळ्या जीपने मामांच्या गावी गेलो. मामांनी आईला पाहून डोळे मिचकावले. “काल म्हणे चंद्राला ओवाळलंस. म्हणजे मी दुसऱ्या नंबरावर,” ते म्हणाले. आईने त्यांना निजल्या जागीच ओवाळले. टोपी उशाशी ठेवली. परत निघताना मामी मला ओसरीवर घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या, “काल त्यांनी दाढी करून घेतली होती. भिंतीला टेकून रात्री नऊपर्यंत बसले होते. किती महिन्यांनी बसले. आज काही उठवलं नाही.” मामींनी हे मला दूषण देण्यासाठी सांगितले नाही. आनंदाची एक गोष्ट हुकली, ती कुणाला तरी सांगावी म्हणून सांगितली. मामांच्या दुखण्याने कुठले वळण घेतले होते तेही मला तिथेच कळले. आईला ते आठवड्याभरापूर्वी फोनवर कळले होते. तिने मला सांगितले नव्हते. फक्त दोनदा विचारले होते, गाडी बरी आहे ना.

मार्गशीर्षात मामा गेले.

मिस्त्रीने इंजिनाचे डोके उतरवले. आठांपैकी सहा व्हॉल्व्ह वाकले होते. ते त्याने माझ्या तळहातावर ठेवले. लग्नाचा मांडव उतरल्यावर वाकडे खिळे गोळा करावेत तसे ते दिसत होते. ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य तो बोलला नाही. एकूण खर्च अठ्ठावन्न हजार झाला. तो शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढून भागवला. सहांतला एक व्हॉल्व्ह मी मागून घेतला. तोच तो पाटावरचा वाकडा तुकडा.

त्यानंतर मात्र मी ती पुस्तिका वाचली, आणि वाचनाची गोडी लागून पुढचेही वाचत गेलो. पट्ट्यांचे आयुष्य वाढत गेले आहे. रबर सुधारले, दोर सुधारले. साठ-सत्तर हजारांना बदलावा लागणारा पट्टा पुढे दीड लाखापर्यंत चालू लागला. फोर्डने आपल्या एक लिटरच्या पेट्रोल इंजिनात पट्टा चक्क तेलात भिजत ठेवला आणि त्याला १० वर्षे किंवा २ लाख ४० हजार किलोमीटर अशी मुदत दिली. २०१६ साली आलेल्या तिच्या दोन लिटरच्या डिझेल इंजिनातही तेलातलाच पट्टा होता. कल्पना नामी आहे: तेलात घर्षण कमी, इंधनाची बचत. पण तेलातल्या पट्ट्यांची दुसरी बाजूही युरोपात दिसून आली. तेल भलते पडले किंवा वेळेवर बदलले नाही तर पट्टा फुगतो, त्याचे कण सुटतात आणि तेलाच्या गाळणीत जाऊन अडकतात. काही कंपन्यांना गाड्या परत बोलवाव्या लागल्या. काही पुन्हा साखळीकडे वळल्या. साखळी काही अमर नाही. पण ती सैल पडली की थंडीत सकाळी सुरू करताना खडखडते, म्हणजे अण्णांच्या इंजिनासारखी कण्हून दाखवते.

दीर्घायुषी पट्टा आपल्याला फसवतो तो इथे. सहा महिन्यांनी तुटणारी वस्तू आपण विसरत नाही. दहा वर्षे टिकणारी वस्तू आपण विसरतो. आणि गाडी जुनी झाली, मालक बदलला, पुस्तिका हरवली, की तिची आठवण ठेवणारे कुणीच उरत नाही. पट्ट्याचे आयुष्य वाढले, आपल्या लक्षात ठेवण्याचे वाढले नाही.

पूर्वीचे सारे चांगले होते, असे मात्र मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर अण्णांचा खोकला मला खोटे ठरवील. विहिरीवरच्या इंजिनाचा काळा धूर त्यांनी वर्षानुवर्षे छातीत घेतला. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ साली निश्चितपणे जाहीर केले. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत-सहाचा नियम आला, डिझेलमधले गंधक दहा लाखांत पन्नास भागांवरून दहांवर उतरले, आणि नव्या डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी धरून ठेवणारी गाळणी आली. फवारा कधी, किती वेळा आणि किती मारायचा ते आता संगणक ठरवतो. हा गुंता कुणी हौसेने केलेला नाही. त्याने वाचलेली फुप्फुसे दिसत नाहीत इतकेच.

पण गुंत्याचा स्वभाव असा की तो आपल्याकडून नवी शिस्त मागतो. माझ्या एका स्नेह्यांनी नवी डिझेल मोटार घेतली. घर ते दुकान आणि दुकान ते घर एवढाच तिचा प्रवास. गाळणीतली काजळी जळायला धुराची चांगली धग लागते आणि तेवढी धग लांबच्या धावेशिवाय येत नाही. गाडीने दिवा दाखवला. यांनी तो दिवाळीच्या दिव्यासारखा कौतुकाने पाहिला. शेवटी मिस्त्रीने त्यांना समृद्धी महामार्गावर पिटाळले. आता दर पंधरवड्याला ते कुटुंबासह समृद्धीवर जातात आणि कुठेही न उतरता परत येतात. कुणी विचारले तर सांगतात, “काजळी जाळायला गेलो होतो.”

मिस्त्रीचाही पेचकस आता बराच वेळ खिळ्याला लटकलेला असतो. त्याने एक छोटे यंत्र घेतले आहे. ते सुकाणूखाली जोडले की पडद्यावर आकडे उमटतात. त्याला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून नातीला शाळा सुटल्यावर बसवून घेतो. ती वाचते: पी शून्य शून्य एक सहा. तो म्हणतो, “म्हणजे वरचा आणि खालचा जुळेना. टायमिंग सरकलं.” नव्या इंजिनांत खाली एक आणि वर एक असे दोन पहारेकरी बसवलेले असतात आणि दोघांच्या वेळेत फरक पडला की ते असा आकडा लिहून ठेवतात. म्हणजे पट्टा मुका असला तरी आता त्याच्या वतीने कुणीतरी बोलू लागले आहे. तरी मी एकदा मिस्त्रीला विचारले, “मग हे यंत्र पट्टा तुटायच्या आधी सांगेल ना?” तो हसला. “सरकला तर सांगेल, सर. जीर्ण झाला ते नाही सांगत. ते आपण तारखेनं ओळखायचं.”

तारखेने ओळखायचे! मी आजवर सारे आवाजाने ओळखत आलो होतो. वर्गात गलका झाला तर पोरांकडे बघायचे. घरात भांडे आपटले तर सौ.कडे बघायचे. जो तक्रार करील त्याची चौकशी, जो करणार नाही तो बरा आहे असे धरून चालायचे. माझ्या आईने जन्मात कधी भांडे आपटलेले नाही. “गाडी बरी आहे ना?” या चार शब्दांत तिने मला सगळे विचारले होते, आणि मी आवाज नाही म्हणून निर्धास्त होतो.

त्या वर्षीच्या पाडव्याची वही मी कोरीच ठेवली होती. आता तिच्यात नोंदी असतात. पट्टा कोणत्या दिवशी घातला, किती किलोमीटरला, पुढचा कधी. त्याच पानावर खाली आईचे डोळे तपासायची तारीख, तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपण्याचा दिवस, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ‘मामींकडे आईला नेणे’. सौ. म्हणते, हे सगळे लक्षात राहायला हवे, लिहायला कशाला लागते? मी तिला सांगतो की लक्षात राहते ते आवाज करणारांचे, बाकीच्यांसाठी वही.

यंदाच्या खंडेनवमीला मी पेच सोडवला. माळ, स्वस्तिक, लिंबू झाल्यावर बॉनेट उघडले आणि त्या काळ्या झाकणावर कुंकवाचे एक बोट टेकवले. आई पायरीवर बसून पाहत होती.

“तिथं काय आहे रे?”

“पट्टा आहे.”

“दिसत तर नाही काही.”

“नाही दिसत,” मी म्हणालो. “तारीख लिहून ठेवली आहे.”

ती थोडा वेळ तशीच बसून राहिली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, तबकातले झेंडूचे एक फूल उचलले आणि माझ्या हाताशी हात आणून त्या झाकणावर ठेवले. म्हणाली, “भाऊबीजेला मामींकडे लवकर निघू.”

“तीनला निघू,” मी म्हणालो, आणि वहीत लिहिले.